खंडेनवमीला शिकलेला रिले

गुरुवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी हुपरीतील तातोबा वाळवेकर यांनी चालू सीएनसी मशीनच्या टेबलावर कपाळ टेकवले. मशीन थांबले नाही.

थांबायला हवे होते. माणसाचे बोट जरी कटरच्या आवाक्यात आले तरी मोटरांची वीज तोडायची, एवढ्याच कामासाठी त्या मशीनवर एक रिले बसवलेला होता. रिलेचा हिरवा दिवा जळत राहिला. कटर पोलादाच्या ठोकळ्यावर वेलीची नक्षी कोरत डावीकडून उजवीकडे सरकत होता आणि त्याच्या वाटेत आता पांढऱ्या केसांचे डोके होते. तातोबांची मुलगी केतकी शेडच्या दुसऱ्या टोकाला ठसे घासत बसली होती. तिने मान वर केली, धावत आली आणि लाल बटणावर तळहात मारला. कटर फिरवणारा स्पिंडल गुरगुरत थांबला, तेव्हा कटर आणि तातोबांचा कान यांच्यात वीतभर अंतर होते.

तातोबांना काही झाले नाही. कपाळाला तेलाचा ठिपका लागला होता. तो त्यांनी रुमालाने पुसला आणि चालू काम का बंद केले, असे विचारले.

चांदीच्या पत्र्यावर पैंजणाची नक्षी उठवायची तर ती आधी पोलादात उलटी कोरावी लागते. तो कोरलेला तुकडा म्हणजे ठसा. तातोबांनी, ज्यांना घरात आणि गल्लीत अप्पा म्हणतात, आयुष्यभर हाताने ठसे कोरले. नजर मंदावल्यावर त्यांनी छिन्नी खाली ठेवली आणि केतकीने मशीन बांधायला घेतले. विकतचे मशीन शेडच्या दारातून आत गेले नसते, म्हणून ते आतच जन्माला आले. सांगाडा एका बंद पडलेल्या कारखान्यातला, सरकपट्ट्या आणि मोटरा बाहेरून मागवलेल्या, टेबल कोल्हापुरातून रंधून आणलेले. वायरिंग तिचा नवरा धैर्यशील याने केले. तो निपाणीचा. कारखान्यांसाठी विजेचे पॅनल बांधणे हा त्याचा व्यवसाय. लग्नानंतर दोघे कोल्हापुरात होते. मशीनसाठी हुपरीत आले आणि सासुरवाडीतच राहिले.

धैर्यशीलने पॅनलमध्ये दोन पॉवर सप्लाय वेगळे ठेवले. एक चोवीस व्होल्टचा, विचार करणाऱ्या भागांसाठी: कंट्रोलर, बटणे, दिवे, रिले. दुसरा अठ्ठेचाळीस व्होल्टचा, अंगमेहनत करणाऱ्या मोटरांसाठी. पहिला चालू ठेवून दुसरा बंद करता येतो. मग मशीन जागे असते, पण हलू शकत नाही. दोन्हींच्या वायरी वेगवेगळ्या पट्ट्यांतून नेल्या, प्रत्येक टोकाला नंबराची कडी घातली. त्याच्या सासूबाई शालन यांनी पॅनलचे दार उघडे असताना आत पाहिले आणि एवढी नीट वेणी केतकीची कधी घातली गेली नव्हती, असे म्हणाल्या.

सेफ्टी रिले ही जुनी आणि सरळ वस्तू आहे. लाल बटणातून दोन स्वतंत्र वायरी निघतात आणि रिलेपर्यंत येतात. दोन्हींतून प्रवाह अखंड येत असेल, तरच रिले मोटरांची वीज धरून ठेवतो. बटण दाबले, वायर तुटली, उंदराने कुरतडली, जोड ढिला झाला, काहीही झाले तरी प्रवाह थांबतो आणि रिले वीज सोडून देतो. दोन वायरी अशासाठी, की एकीने दगा दिला तर दुसरी असावी. रिलेला धोका ओळखता येत नाही. सगळे ठीक आहे ही खबर त्याला क्षणोक्षणी मिळावी लागते, ती थांबली की तो हात सोडतो. इतक्या वर्षांत असंख्य बोटे या एका नियमाने वाचली आहेत.

त्याची अडचण एकच होती. बटण दाबायला कुणीतरी लागते. म्हणून पुढे प्रकाशाचे पडदे आले. हात आडवा गेला की मशीन बंद. ते इतक्या वेळा विनाकारण बंद करायचे की कामगार वैतागून पडद्याच्या वायरींना परस्पर जोड मारून ठेवत.

त्यावर उपाय म्हणून जो रिले निघाला त्याला कोल्हापूर भागात जाणता म्हणतात. मशीनच्या सांगाड्यावर तांब्याच्या चार पट्ट्या बसवायच्या. त्या भोवती अगदी क्षीण विद्युतक्षेत्र पसरवतात. माणसाचे शरीर म्हणजे बहुतांशी खारे पाणी. ते जवळ आले की क्षेत्र वाकते. कुठे वाकले, किती वेगाने वाकले, यावरून हात कुठे आहे हे तर कळतेच, पण पुढच्या अर्ध्या सेकंदात तो कुठे असेल याचाही अंदाज बांधता येतो. हात पोचण्याआधीच वीज तुटते.

विनाकारण थांबायचे नसेल तर नेहमीचे काय आणि अनपेक्षित काय, यातला फरक जाणत्याला कळायला हवा. तो त्याला शिकावा लागतो. पहिल्यांदा वीज दिली की एक पूर्ण पाळी तो नुसता पाहतो. मोटरा बंद ठेवायच्या आणि माणसांनी रोजच्यासारखे वावरायचे. जी हालचाल अनेकांनी केली, संथपणे केली, पुन्हा पुन्हा केली आणि जिच्यातून माणूस स्वतःहून मागे आला, ती त्याच्या लेखी नेहमीची. याशिवाय आसपासचे जाणते रिले आपसात पडताळणी करतात. शेजारच्यालाही तीच हालचाल दिसली असेल तर खात्री पक्की होते. दोन वर्षांपूर्वी विमा कंपन्यांनी छोट्या कारखान्यांना जाणता सक्तीचा केला आणि हुपरीत तो घरोघरी आला.

वाळवेकरांच्या मशीनला वीज द्यायचा मुहूर्त खंडेनवमीचा ठरला. त्या दिवशी कारखान्यात काम होत नाही. हत्यारे आणि यंत्रे धुऊनपुसून त्यांची पूजा होते. धैर्यशीलने आदल्या संध्याकाळी शेवटचा जोड आवळला आणि तो निपाणीला निघाला, कारण तिथे त्याच्या वडिलांच्या पिठाच्या गिरणीचीही पूजा होती आणि तिथला थोरला मुलगा तोच. जाताना त्याने केतकीला सांगितले की सकाळी फक्त चोवीस व्होल्टचा सप्लाय चालू कर, मोटरा बंद राहू देत. गल्ली पूजेला येईल, असे ती म्हणाली.

“येऊ दे की. जितकी माणसं बघेल तितकं चांगलं.”

गल्ली आली. अप्पांनी टेबलावर हळदीकुंकू वाहिले, स्पिंडलला झेंडूची माळ घातली आणि कपाळ टेकवले. मग एकेक जण पुढे झाला. हात जोडलेले, पावले संथ, बोटे कटरखालच्या टेबलाला टेकवलेली, मग छातीला लावलेली, आणि माघारी. संध्याकाळी जाणत्याचा पिवळा दिवा हिरवा झाला. त्याचे शिक्षण पूर्ण झाले होते.

दसरा करून धैर्यशील परत आला, शेडमध्ये शिरला आणि मशीन बंद पडले.

पहिल्या दिवशी हा योगायोग वाटला. मग तो रोजचा प्रकार झाला. केतकी एकटी असली की मशीन निवांत चालायचे. अप्पा आले, शालनबाई चहा घेऊन आल्या, तरी चालायचे. धैर्यशील दोन हातांवर आला की दिवा लाल. त्याने विजेतला गोंगाट धरला. चोवीस व्होल्टचा सप्लाय बदलला. अर्थिंग पुन्हा केले. शेजारच्या पॉलिशच्या मोटरमुळे लहरी येत असतील म्हणून सगळ्या वायरींना जाळीचे कवच घातले. मोजमापे स्वच्छ आली. तो मीटर ठेवून उठला आणि मशीनकडे वळला की पुन्हा लाल.

पलीकडच्या बजरंग तोडकर यांचा घुंगरांचा कारखाना आहे, पत्रा दाबणाऱ्या पाच प्रेसचा. ते संध्याकाळी कट्ट्यावर बसत. मशीनलासुद्धा घरजावई कळतो, असे त्यांनी एकदा म्हटले आणि पुढे महिनाभर तेच गल्लीत फिरत राहिले. शालनबाईंनी तोडकरांना ऐकवले की त्या मशीनच्या अंगात रक्तवाहिन्या घालणारा हाच आहे, तुमच्या प्रेसला नुसते तेल घालायलासुद्धा माणूस बाहेरून येतो. धैर्यशील यावर हसायचा. पण त्याने शेडमध्ये जाणे कमी केले. जेवणाची वेळ झाली की दारातूनच केतकीला हाक मारायचा. केतकीने ते पाहिले होते.

अशा स्थितीत तो गुरुवार उजाडला. रोज मशीन सुरू होण्याआधी वाकणाऱ्या अप्पांना त्या दिवशी उशीर झाला होता.

अप्पांना घरात पाठवल्यावर केतकीने मोटरांचा सप्लाय बंद केला आणि चोवीस व्होल्टचा चालू ठेवला. आता जाणता पाहू शकत होता आणि कुणाला इजा होणार नव्हती. तिने कटरखाली झटकन हात घातला. दिवा लाल झाला. म्हणजे रिले बिघडलेला नव्हता. तिने अप्पांना परत बोलावले आणि सकाळी केले तसेच करायला सांगितले. अप्पांनी कपाळ टेकवले. दिवा हिरवाच राहिला. मग तिने स्वतः हात जोडले, संथपणे पुढे जाऊन बोटे टेबलाला टेकवली. हिरवा. त्या क्षणी तिला खंडेनवमीची रांग आठवली असे ती सांगते.

दुपारी धैर्यशील कामावरून आला. तो दारात थांबला.

“धैर्य, हात जोड,” केतकी आतून म्हणाली.

“कुणाला?”

“मशीनला. जोड आणि सावकाश ये.”

चेष्टा समजून तो तसाच पुढे आला. दिवा लाल झाला. तिने त्याला मागे पाठवले, दिवा पूर्ववत केला आणि पुन्हा तेच सांगितले. या वेळी त्याने हात जोडले. एकेक पाऊल टाकत तो टेबलापर्यंत गेला, बोटे टेकवली, छातीला लावली. दिवा हिरवा होता.

मग तो हसायला लागला आणि हसता हसता खाली बसला. उठला तेव्हा त्याचा चेहरा बदललेला होता. अप्पांच्या कानाचे आणि कटरचे अंतर केतकीने तोवर त्याला सांगितले होते.

प्रत्येक शरीर क्षेत्र थोडे वेगळे वाकवते; त्या पाळीत न दिसलेला धैर्यशील रिलेला परका होता, पण हात जोडून संथ येणारा कुणीही सुरक्षित. चूक केतकी आणि धैर्यशील दोघांचीही होती आणि कुणा एकाची नव्हती. रोजच्यासारखे वावरा, असे रिलेच्या सोबतच्या माहितीत लिहिले होते. लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर रोजचा दिवस होता. हुपरीत नवी वस्तू रोजच्या दिवशी सुरू होत नाही. धैर्यशीलने त्याच संध्याकाळी तोडकरांकडे जाऊन त्यांचा रिले पाहिला. तोही खंडेनवमीलाच सुरू केलेला. हात जोडून प्रेसमध्ये बोटे घातली तर दिवा हिरवा. तोडकरांनी प्रेसचा मुख्य खटका पाडला आणि दुसऱ्या गल्लीतल्या मेहुण्याला फोन लावला. चौकशी जसजशी पसरली तसतसे कळत गेले की गावातले बहुतेक जाणते कुठल्या ना कुठल्या खंडेनवमीलाच शिकले होते आणि त्यांनी एकमेकांना दुजोरा दिला होता. वाकून हात आत घालणारा माणूस सुरक्षित असतो, यावर गावभरच्या रिलेंचे एकमत होते.

रिले बनवणाऱ्या कंपनीकडून रेश्मा बागवान आल्या. मूळच्या मिरजेच्या, वय तिशीच्या आत, बोलण्यात स्पष्ट. त्यांनी वाळवेकरांच्या शेडमध्ये बसून आपल्या वरिष्ठांना सगळे समजावले. खंडेनवमी म्हणजे काय हे सांगण्यातच निम्मा वेळ गेला. निर्णय आठवड्याने आला. प्रत्येक रिलेचे आधीचे शिक्षण पुसायचे आणि साध्या दिवशी एक पाळी पुन्हा शिकवायचे. त्या पाळीत कुणी डोके टेकवले किंवा हात जोडून कटरखाली नेले, तर त्या माणसाची नोंद प्रतिबंधित म्हणून होईल. प्रतिबंधित माणूस खोलीत आला की मशीनला वीज मिळणार नाही. ही नोंद विमा कंपनीकडे जाते आणि पुढचे वर्षभर काढता येत नाही.

तोडकरांच्या कारखान्यात हे आधी घडले. त्यांच्या आईने सवयीने प्रेसला हात लावला आणि त्या प्रतिबंधित झाल्या. आता त्या दारात आल्या की पाचही प्रेस बंद पडतात. देवघरातला अंगारा मुलाला लावायला त्या सकाळी रस्त्यावर उभ्या राहतात आणि तोडकर बाहेर येऊन त्यांच्यापुढे वाकतात.

अप्पांपुढे दोन वाटा होत्या. पाळीच्या दिवशी बाहेर राहायचे, म्हणजे प्रतिबंध लागणार नाही, पण रिलेला ते परके होतील आणि धैर्यशीलसाठी बंद पडत होते तसे मशीन त्यांच्यासाठीही बंद पडेल. किंवा आत यायचे, दिवसभर रोजच्यासारखे वावरायचे आणि एकदाही वाकायचे नाही. एकदा चुकले तर वर्षभर शेडचे दार बंद.

जिवाचा प्रश्न धैर्यशीलने तोवर सोडवला होता. जाणत्याचा निकाल काहीही लागो, त्याने टेबलाभोवती जाड पारदर्शक दार बसवले आणि दाराला दोन वायरींचा जुना, साधा खटका लावला. तो जाणत्याच्या ओळीत असा जोडला की दार उघडे असेल तर जाणत्याने कितीही होकार दिला तरी मोटरांना वीज जाणार नाही. शिकलेल्याच्या आधी न शिकलेल्याला उभे केले आहे, असे त्याने केतकीला सांगितले. रेश्मा बागवान यांनी जोडणी तपासली आणि कंपनीला तसा फोटो पाठवला. अप्पांच्या डोक्याला आता धोका नव्हता. प्रश्न त्यांनी शेडमध्ये असण्याचा उरला होता.

केतकीचे मत त्यांनी बाहेर राहावे असे होते. सत्तरीच्या माणसाची सवय एका दिवसात सुटत नाही, आणि परके असणे प्रतिबंधित असण्यापेक्षा बरे, असा तिचा हिशेब. शालनबाईही तेच म्हणाल्या. त्यांनी सुचवले की त्या दिवशी अप्पांना जोतिबाला घेऊन जाते, देवापुढे हवे तितके वाकू देत. अप्पांनी भाकरी मोडून ताटात तशीच ठेवली.

हात धुवायला ते न्हाणीकडे गेले, तेव्हा धैर्यशील मागे गेला. तिथे झालेले बोलणे त्याने नंतर केतकीला सांगितले. त्याने विचारले होते की मामा, रोज न चुकता वाकता, मागता तरी काय. धंद्यात बरकत मागत असतील, असे त्याला वाटत होते.

“मी देवाला न्हाई सांगत जावईबापू,” अप्पा म्हणाले. “मी त्या मशिनीलाच सांगतोय. पोरीचं हात हायत, जावयाचं हात हायत. दिवसभर तुझ्या तोंडाशी असत्यात. सांभाळ म्हंतो. दुसरं काय मागू?”

“त्यासाठीच तर रिले बसवलाय, मामा.”

“बसवलाय की. तुम्ही तुमचं काम केलंसा. म्हून मी माझं सोडायचं व्हय?”

आणि मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. खंडेनवमीला जावई नव्हता, म्हणून त्याची पक्कड आणि टेस्टर त्यांनी पूजेत मशीनच्या उजव्या अंगाला मांडले होते. मालक गावाला गेलाय, हे त्याचे हात समज, असे मशीनला सांगितले होते. रिलेला ते कळले नाही, यात आपली काय चूक, असा त्यांचा प्रश्न होता.

धैर्यशील परत आला आणि मामा आत असतील, असे म्हणाला. केतकीने विचारले की चुकले तर. तो म्हणाला की या रिलेला परका असणे कसे असते हे घरात फक्त त्याला माहीत आहे, आणि ते तो अप्पांना करणार नाही. केतकीला यावर वाद घालता आला असता. तिने घातला नाही. प्रतिबंधाची नोंद वायरिंग करणाऱ्याच्या सहीने होते, म्हणजे चुकले तर सासऱ्याला बाहेर काढणारी सही त्याचीच असेल, एवढे मात्र तिने त्याला ऐकवले. ते त्याला माहीत होते.

पाळी सोमवारी ठरली. त्या दिवशी सण, जत्रा, एकादशी काहीही नाही याची शालनबाईंनी कॅलेंडर पाहून खात्री केली. रेश्मा बागवान सकाळीच आल्या आणि कोपऱ्यात आपला पडदा मांडून बसल्या. पडद्यावर रिलेला दिसणारी माणसे ठिपक्यांसारखी उमटत होती आणि कडेला एकूण माणसांचा आकडा. मोटरा बंद, पारदर्शक दार उघडे, चोवीस व्होल्टचा सप्लाय चालू, दिवा पिवळा.

सकाळ कठीण गेली. अप्पा अंघोळ करून आले, पायऱ्या चढले आणि सवयीने थेट मशीनकडे निघाले. टेबलाजवळ त्यांची मान खाली गेली. अप्पांनी तशीच मान टेबलाखालच्या कचऱ्याच्या डब्यात घातल्यासारखे केले आणि हा भरलाय, कुणी ओतत का नाही, असे विचारले. धैर्यशीलने डबा ओतला. रेश्मा बागवान पडद्याकडे पाहत म्हणाल्या की चालेल, कटरपासून लांब होते.

त्यानंतर अप्पांनी हात पाठीमागे बांधले. ते हात पाठीमागे बांधून शेडमध्ये फिरले, ठसे पाहिले, एका ठशाची वेल आखूड झाली आहे असे सांगून केतकीशी वाद घातला. जेवून आल्यावर स्टुलावर बसले आणि तळहात मांड्यांखाली दाबून ठेवले. शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे दिसता, असे शालनबाई म्हणाल्या. पहिल्यांदाच मशीनपुढे बसून मशीनशी बोललो नाही, असे अप्पांनी उत्तर दिले.

धैर्यशील दिवसभर मशीनवर होता. हात न जोडता. ठोकळा लावणे, कटर बदलणे, बुरा झाडणे, सगळे तो साध्या हातांनी, पुन्हा पुन्हा करत होता, कारण आज त्यालाही ओळख करून द्यायची होती. दुपार कलली तेव्हा तो कटरची पकड सैल करायला कमरेत वाकून दारातून आत झुकला. त्याचे दोन्ही हात आणि अर्धे डोके टेबलावर होते.

अप्पा स्टुलावरून उठले. रेश्मा बागवान यांनी पडद्यावरून नजर काढली. केतकीने कानस खाली ठेवली. अप्पा मशीनकडे चालत गेले. ते वाकले नाहीत. हातही जोडले नाहीत. त्यांनी उजवा हात पुढे केला आणि वाकलेल्या जावयाच्या पाठीवर, मानेच्या थोडा खाली, तळहात ठेवला. ओठ हलले. ते काय म्हणाले हे कुणाला ऐकू आले नाही.

धैर्यशील हलला नाही. पकड सैल करून झाली होती, तरी तो तसाच झुकून राहिला.

पडद्यावरचे मशीनजवळचे दोन ठिपके सरकत एकमेकांत गेले. कडेचा आकडा एकाने कमी झाला. रेश्मा बागवान यांनी सांगितले की यात बिघाड नाही. दोन शरीरे एकमेकांना टेकली की विद्युतक्षेत्राच्या दृष्टीने ते खाऱ्या पाण्याचे एकच भांडे होते, त्यामुळे रिलेला तिथे एक माणूस दिसत होता, ज्याचे हात कटरखाली होते आणि जो घाईत नव्हता. त्याची नोंद ओळखीचा म्हणून होईल की प्रतिबंधित म्हणून, आणि ती अप्पांच्या नावे होईल, धैर्यशीलच्या, की दोघांच्या, हे त्यांना सांगता आले नाही. अशी नोंद यापूर्वी कुठल्याही कारखान्यातून आलेली नाही. कंपनीत विचारल्यावर तिथेही कुणाला माहीत नव्हते.

निकाल पाळी संपल्यावर लागेल. शालनबाईंनी चहा आणून तो वाटेपर्यंत दिवा पिवळाच होता, आणि अप्पांनी हात काढलेला नव्हता.